पावणेआठची डबल बेल

पंचवटी, नाशिक
१९ ऑगस्ट १९९७

आत्या,

वाकून नमस्कार केलाय असं समज, कारण खरोखर वाकले तर पाठ पुन्हा सरळ व्हायची नाही. नानांना दर दोन तासांनी कुशीवर वळवते. पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलंय. जखमा नाहीत. एवढं एकच यश सांगण्यासारखं आहे, म्हणून आधी सांगितलं.

झटका येऊन दहा आठवडे झाले. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचाही परतली नाही. डॉक्टर म्हणतात, त्यांना किती कळतं ते सांगता येत नाही. एकतीस वर्षं पेठच्या एस.टी.वर कंडक्टर होते, सगळा रस्ता त्यांना नावानं ओळखायचा, आणि आता माझ्याशीसुद्धा ओळख आहे की नाही याची खात्री नाही. डावा हात तेवढा चालतो. त्यासाठी मी देवघरातली घंटी खिडकीच्या गजाला बांधली आणि तिची सुतळी त्यांच्या डाव्या हातात दिली. नियमही समजावून सांगितला: एकदा ओढलीत तर पाणी, दोनदा ओढलीत तर भांडं. तर हे दिवसभर दोनदाच ओढतात. मी भांडं घेऊन धावते, तर काही नाही. दाराकडे बघत पडलेले असतात.

आता खरं सांगते. फोनवर सांगता आलं नसतं. तुला फोनवर अर्धं ऐकू येत नाही आणि शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हे. मला नानांचा कंटाळा आलाय. दुःख नाही म्हणत मी, कंटाळा म्हणतेय. दुःखाला माणसं भेटायला येतात, मोसंबी आणतात. कंटाळ्याला कोण येतंय? दुपारी चार वाजता मी भिंतीकडे बघत बसते आणि वाटतं, उठून ओरडत गोदाकाठापर्यंत पळत जावं. टायपिंगच्या क्लासला सोळा वर्षं शिकवलं. तीस मशिनं एकदम खडखडायची, ओळ संपत आली की प्रत्येकाची टिंग वाजायची, डोकं उठायचं माझं. आज त्या आवाजासाठी जीव तुटतो.

धनराज पुण्याहून महिन्यातून एकदा येतो, तासभर बसतो आणि म्हणतो, ताई, तू आहेस म्हणून बरंय. तू तरी येतेस का?

तुझी,
मोहिनी

◆

निफाड, मळ्यातून
३० ऑगस्ट १९९७

लाडके मोहिनी,

या म्हातारीचे सगळे आशीर्वाद एका हातानं घे, दुसरा हात दादाच्या उशाला असू दे.

पत्र दोनदा वाचलं. कंटाळा आला म्हणून लिहिलंस ते बरं केलंस. मी तुला चांगल्या मुलींच्या गोष्टी सांगणार नाही. तुझी आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मी गोठ्यात जाऊन म्हशीला शिव्या द्यायचे. म्हैस ऐकून घ्यायची, बिचारी.

पण एक सांगते. आपल्याकडे द्राक्षाची विरळणी असते, तुला माहीत आहे. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. एक घड झाला की दुसरा, एक वेल झाली की दुसरी, महिनाभर मान वर करून तेच. मी नवी होते तेव्हा तिसऱ्या दिवशी कात्री फेकली आणि बांधावर जाऊन बसले. आमच्यात झुंबर नावाची एक म्हातारी होती, पेठकडून मजुरीला यायची. ती म्हणाली, "पोरी, तू घड बघत नाय, तू बाग बघती. बाग बघशील तर मरशील. हातात हाय तेवढाच बघ." मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी करून बघितलं. कंटाळा गेला नाही गं. पण तो कुठे बसलाय ते दिसायला लागलं. मानेत बसायचा आधी, मग पोटात उतरायचा. बघत राहिलं की थोड्या वेळानं आपला आपण उठून जायचा. हाकलला की परत यायचा, आणि चिडून यायचा.

तर चार वाजले की पळू नकोस. रेडिओ लावू नकोस. नुसती बस आणि बघ, काय होतंय ते. वाटलं तर एका वहीत लिही. औषध नाही हे, उगाच आशा धरू नकोस.

माझे गुडघे वर चढू देत नाहीत, आणि आता छाटणीची तयारी आहे. येते मी, पण आत्ता नाही.

बयाआत्या

◆

पंचवटी, नाशिक
५ ऑक्टोबर १९९७

आत्या,

तुझी झुंबर थोर असेल, पण तिचा घड अंथरूण ओलं करत नव्हता.

मी करून बघितलं. तीन दिवस. पहिल्या दिवशी चार वाजता बसले आणि दहा मिनिटांत झोपले. दुसऱ्या दिवशी रडले. तिसऱ्या दिवशी रेडिओ लावला आणि शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला, कपाशीवरच्या किडीसकट. फुलाबाई सकाळी भांड्यांना येते, करंजाळीची आहे, नानांच्याच गाडीनं माहेरी जायची. ती त्यांच्याशी तासभर बोलते, पावसाचं, भाताचं, कोण मेलं ते. तिला कंटाळा येत नाही. विचारलं तर म्हणाली, "कंडक्टरबाबानं आम्हांला किती वेळ ऐकलं, आता आम्ही बोलायचं."

मला लाज वाटली, पण लाजेनं कंटाळा जात नाही. आणि आता जे लिहिणार आहे त्यावर मला शिव्या दे. परवा दुपारी त्यांनी घंटी वाजवली. दोनदा. गेले. काही नाही. परत दोनदा. परत काही नाही. अकराव्यांदा वाजली तेव्हा मी सुतळी त्यांच्या हातातून काढली आणि वर खिळ्याला अडकवून टाकली. त्यांनी ओढून धरली नाही की काही नाही. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत खिळ्याकडे बघत होते. मी समोर बसून तांदूळ निवडत होते.

आत्या, दोन म्हणजे भांडं, इतकं सोपं सांगितलेलं जर कळत नसेल, तर आत कोणी उरलंय का? तू त्यांची बहीण आहेस. तुला काय वाटतं ते खरं सांग. आणि ये गं एकदा. एक दिवस तरी.

मोहिनी

◆

निफाड
२ नोव्हेंबर १९९७

मोहिनी,

दोरी परत दे. दिली असशीलच, तरी परत दे.

घंटीचं फार मनावर घेऊ नकोस. आजारी माणसाचा हात आहे, वाजते कधी दोनदा. त्यात काय शोधायचं? भांडं नको असलं तर नको. तू जवळ जा, पांघरूण सारखं कर, माघारी ये.

यंदा छाटणी लांबली. त्यात पाडव्याला घरात पाहुणे. फराळाचा डबा पाठवते आहे, चकली दादाला देऊ नकोस, घशात अडकेल. अनारसा दुधात कुस्करून दे, त्याला आवडतो.

येण्याचं बघते.

आत्या

◆

पंचवटी, नाशिक
१४ डिसेंबर १९९७

आत्या,

तुझं मागचं पत्र तुझं वाटलंच नाही. रागावलीस ना? रागावणारच. दोरी त्याच संध्याकाळी दिली होती. अनारसा खाल्ला त्यांनी. डोळे मिटून खाल्ला.

आता एक सांगते, हसू नकोस. मी वही केली. तुझ्यावर विश्वास बसला म्हणून नाही, दुसरं काही करायचं शिल्लक उरलं नाही म्हणून. धनराजची जुनी शाळेची वही मिळाली, मागची पानं कोरी होती. चार वाजले की खुर्ची त्यांच्या कॉटजवळ ओढते आणि बसते. कंटाळा बरोबर चारला येतो. आधी पायांत येतो, बरं का, मानेत नाही. पाय हलायला लागतात. मग छाती जड होते. मग राग येतो, नानांचा, धनराजचा, तुझाही. मग साधारण वीस मिनिटांनी काहीतरी सैल होतं. जातो असं नाही म्हणणार. पण तो आणि मी शेजारी शेजारी बसू शकतो.

आणि मग दिसायला लागतं. नानांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी एक घट्टा आहे, तिकिटं पंच करायच्या चिमट्याचा. बत्तीस वर्षांची लेक मी त्यांची, नाही, एकोणचाळीस, बघ, माझं वयही विसरले, आणि तो घट्टा मी पहिल्यांदा पाहिला. हात लुळा पडलाय आणि घट्टा तसाच आहे. मी त्यावर बोट फिरवलं. तेवढ्यात घंटी वाजली, एकदाच. मी पाणी दिलं. त्यांनी ओठ मिटले.

वहीत घंट्याही लिहिते. तीन आठवड्यांचं सगळं आहे. पाण्याशी किंवा भांड्याशी कशाचा काही संबंध नाही. मी उदास तोंड करून समोर बसले की दोन. धनराज येऊन गेला आणि मी दाराशी उभी राहिले तेव्हा दोन. आणि रोज सकाळी, एक दिवस चुकला नाही, पावणेआठला दोन. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात आणि ओढतात. एकच घंटी तीन आठवड्यांत फक्त तीनदा. एकदा घट्ट्याच्या वेळी. एकदा मी त्यांची नखं कापताना लहानपणीचं काहीबाही बोलत होते तेव्हा. एकदा नुसतीच डोकं कॉटच्या कडेला टेकून बसले होते तेव्हा.

डॉक्टर म्हणोत काहीही, आत कोणीतरी आहे आणि ते काहीतरी सांगतंय. मला कळत नाही. पावणेआठला काय असतं?

मोहिनी

◆

निफाड
२२ डिसेंबर १९९७

मोहिनी बाळा,

विरळणी ऐन भरात आहे आणि मी बांधावर बसून लिहिते आहे. बायका म्हणतात, बयाबाई रडतात की काय.

पावणेआठला तू क्लासला निघायचीस. सोळा वर्षं निघायचीस, आणि दादा ड्युटीवर नसला की दारात उभा राहून बघायचा.

एस.टी.त कितीदा बसलीस तू? एक बेल म्हणजे थांब. डबल बेल म्हणजे चल. बापानं जन्मभर दुसरी कुठली भाषा इतकी वापरली नाही, आणि तू त्याच्या हातात सुतळी देऊन वर घंटी बांधलीस. गाडीत असते तशीच. मग तो तुझा पाण्याचा न् भांड्याचा नियम कशाला ऐकेल? तो तुला सांगतोय, नीघ. जा. माझ्यापाशी बसून वाळू नकोस.

हे मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. ऑगस्टपासून कळलंय. पण मला वाटलं, तो स्वतःसाठी वाजवतोय. मला जाऊ द्या म्हणतोय, मरण मागतोय. ते तुला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून गप्प बसले, म्हणून आले नाही. गुडघे बरे आहेत माझे. दादा माझ्यासमोर दोनदा घंटी वाजवेल आणि मला ती ऐकावी लागेल, याची भीती वाटली. मी भ्याले आणि तू चार महिने भांडं घेऊन धावलीस. तुझी वही नसती तर मी अजून भीतच बसले असते.

एक बेलचंही सांगते. मल्हारी ड्रायव्हर होता ना त्याच्या गाडीवर? तो म्हणायचा, "खंडेराव कंडक्टरची एक बेल वाजली का मी आधी ब्रेक दाबितो, मंग इचारतो." सावळघाटात एकदा असंच, एक बेल, मल्हारीनं गाडी उभी केली, मागून एक बाई पोर घेऊन पळत येत होती, दादालाच दिसली होती. एक बेल तो उगाच देत नाही. तू घट्ट्यावर हात फिरवलास तेव्हा त्यानं तुला थांब म्हटलं. आणि तू पाणी आणायला उठलीस, वेडाबाई.

जा पुन्हा क्लासला. फुलाबाई आहे. विरळणी उरकली की मी येतेच, आता खरंच येते.

आत्या

◆

पंचवटी, नाशिक
१५ जानेवारी १९९८

आत्या, तिळगूळ पोचला. आणि तुझं पत्रही पोचलं, ते मी नानांना वाचून दाखवलं. सगळं. तुझ्या गुडघ्यांसकट. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसले ते, मी शपथेवर सांगते.

मला किती मूर्ख म्हणावं? कंडक्टरची मुलगी. डबल बेल आयुष्यभर ऐकली. पण घंटी काय म्हणणार ते मी आधीच ठरवून टाकलं होतं, मग ऐकायला कशाला जाते?

मग मी विचारलं, नाना, क्लासला जाऊ का परत? सकाळचीच बॅच, आठ ते अकरा. टण टण. इतक्या जोरात की खिडकीतली चिमणी उडाली. मी विचारलं, नक्की? टण टण. फुलाबाई म्हणाली, "लय खूश हाय बाबा." सोमवारपासून जाणार आहे. कालपासून मला कंटाळा आलेला नाही. चार वाजले कधी ते कळलंसुद्धा नाही. वहीही लिहिली नाही, काय लिहायचं त्यात आता? साडीला फॉल लावत होते.

रागावू नकोस तुझ्यावर रागावले नाही म्हणून. लवकर ये.

मोहिनी

◆

पंचवटी, नाशिक
८ मार्च १९९८

आत्या,

तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही. तू नानांच्या दहाव्याला आलीस, तेराव्यापर्यंत राहिलीस, माझ्या शेजारी झोपलीस. रोज तुला सांगायचं ठरवलं आणि रोज तू म्हणालीस, दादा समाधानानं गेला, लेक कामाला लागलेली बघून गेला. सगळ्यांना तू तेच सांगितलंस. मी मान हलवत राहिले. आता कागदावर सांगते, कारण आपल्या दोघींत खरं असं कागदावरच झालं.

त्या सोमवारी, एकोणीस तारखेला, मी साडेसहालाच त्यांचं सगळं आवरलं. पेज भरवली. नवा फॉल लावलेली साडी नेसले. पावणेआठला त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि टण टण. मी म्हटलं, निघाले हो कंडक्टर, घाई किती! फुलाबाई हसली. चपला घातल्या, दार ओढून घेतलं, जिना उतरायला लागले.

तिसऱ्या पायरीवर असताना घंटी वाजली. एकदा.

मी थांबले, आत्या. पाय थांबले. दुसरी वाजेल म्हणून वाट बघितली. नाही वाजली. तू म्हणशील, दुसरीपुरती हातात ताकद उरली नसेल, तो चलच म्हणत असेल. फुलाबाईलाही असंच वाटतं. असेल. मी सात आठवडे तेच घोकतेय आणि ते खरं की खोटं हे मला कधीच कळणार नाही. पण त्या पायरीवर मी असलं काही म्हटलं नव्हतं. त्या पायरीवर मला कळलं होतं. एक म्हणजे थांब. तूच शिकवलं होतंस, मल्हारीचा ब्रेकसुद्धा आठवला होता.

आणि मला परत वर जायचा कंटाळा आला.

बस, एवढंच. भीती नाही, घाई नाही. परत ते दार, तो फिनेलचा वास, तो चेहरा, कुशीवर वळवणं, आणि बॅच बुडणार. पायांत आला आधी, नेहमीसारखा. वीस मिनिटं त्याच्याशेजारी बसायला शिकले होते ना मी? वहीत लिहिलं होतं ना? त्या दिवशी वीस मिनिटं नको होती, एक मिनिट पुरलं असतं. तीन पायऱ्या वर जायचं होतं. मी खाली उतरले.

फुलाबाई सांगते, "बाबा दाराकडं बघत व्हता, मंग डोळं मिटलं, मला वाटलं निजला." साडेनऊला तिला कळलं. शेजारच्यांनी क्लासला फोन केला, तिथला शिपाई चिठ्ठी घेऊन उभा राहिला, आणि मी त्याला हातानं खुणावलं, पाच मिनिटं थांब, पोरांची परीक्षा चाललीय. खूश होते मी. सात महिन्यांनी पहिल्यांदा खूश होते.

तू विचारतेस, दिवस कसे जातात. क्लासला जाते. धनराज म्हणाला, ताई, तेवढंच मन रमेल. चारला घरी खुर्ची ओढून बसते, कॉट धनराजनं नेली, तरी तिथेच बसते. कंटाळा येत नाही. खूप वाट बघते त्याची. तो आला असता तर नाना अजून त्या खोलीत आहेत असं वाटलं असतं.

वही तुला पाठवते आहे. माझ्याजवळ नको. शेवटच्या नोंदी नाहीत तिच्यात, त्या वरच्या परिच्छेदात आल्या.

आणि मागच्या पत्रात तू लिहिलंस की क्लास सोडू नकोस, दादाची तीच इच्छा होती. सोडत नाही. सकाळी आठला सगळी पोरं मशिनवर बसतात, मी म्हणते सुरू करा, आणि तीस मशिनं धावायला लागतात. मग ओळ संपत येते. आधी पहिल्या बाकावरच्या मुलीची वाजते. एकदा. मग तिच्या मागची. एकदा. मग कोपऱ्यातली. अकरा वाजेपर्यंत, आत्या, एकेकदाच वाजतात सगळ्या, आणि मी बाकांमधून फिरत असते.

मोहिनी